पायपेटी

वडशाहून टेम्पो निघाला की
मागे पडदे, मागे राजवाड्याच्या कमानी, मागे माझी पेटी,
आणि मांडीवर स्टीलचा डबा.
त्यात लोकरी मोज्यात गुंडाळलेले दोन पेन,
एक राखाडी, एक केशरी.
राजकन्येचं काम करणारी नागपूरची पोरगी विचारते,
"मास्तर, नथ आहे का आत? आईची?"
मी म्हणतो, तसंच समज.

रात्री दहाला राखाडी.
मंडईचं गाव असो, शंकरपटाचं असो,
प्रयोग रद्द होऊन आम्ही शाळेच्या व्हरांड्यात
सतरंजीवर नुसते पडलेले असो,
दहा म्हणजे दहा.
"उपास केला तरी हे सोडायचं नाही,"
ब्रह्मपुरीच्या कापगते डॉक्टरीणबाईंनी तीनदा सांगितलं.
तिन्हीदा मान हलवली, कळलं एकदाही नाही.
घरी येऊन पेटीपुढे बसलो.
एकही सूर दाबला नव्हता
आणि पाय आपले चालू झाले होते,
भात्यात हवा भरत.
तेव्हा कळलं.

केशरी म्हणजे बोटं.
पद आलं की पडायची, पदाएवढीच.

पण आमच्या झाडीत पाहुण्याचं पान!
भाताचा डोंगर, लाखोळीचं वरण,
"घ्या ना जी मास्तर, लाजता काहून?"
वाटीनं भात मोजायला जावं
तर घरची बाई ती वाटीच
पानात उपडी करून मोकळी.
पदाला किती अंतरे, हेच ठाऊक नसलं
तर बोटांनी करावं काय?

सोनेगावात एकदा शहाणपणा केला.
"पानं मांडली" ऐकलं आणि टोचून घेतलं.
पानं मांडलीच होती. भात शिजायचा होता.
तेवढ्यात सत्कार निघाला, शाल, नारळ,
उपसरपंचांचे दोन शब्द, ते चाळीस मिनिटं,
मग मॅनेजर म्हणाला, "आधी नांदी होऊ द्या,
जेवण मध्यंतरात."
पहिल्या अंकात मला काळी चार सापडेना.
जानेवारीची थंडी, आणि पाठीवरून घाम.
पट्ट्या पाण्यात पडल्यासारख्या हलत होत्या.
पाय चालूच. पेटी नुसती धापा टाकत होती.

दुधराम नाकाडे, आमचा प्रॉम्प्टर,
खड्ड्यात बसून अख्ख्या दरबाराला वाक्यं पुरवणारा,
त्यानं त्या रात्री वही टाकली
आणि चहाची साखर, पुडीच्या पुडी,
माझ्या तोंडात ओतली.
वर राजा वाक्य विसरून तसाच उभा.
लोकांना वाटलं, शोक करतोय.
टाळ्या पडल्या.

आता मी भाताची वाफ दिसल्याशिवाय
केशरीला हात लावत नाही.
वाटी उपडी करून पाहतो, मगच पानावर बसतो.
लोक म्हणतात, मास्तर फार मिजासखोर झाले.

पहाटे पाचला पडदा पडतो.
तणसाच्या शेकोटीशी बोट टोचतो.
दोनशे अठरा.
कुठून आले? दोन वाजताच्या चहातून?
दुधराम आठवण करून देतो :
तिसऱ्या अंकात राजकन्येचं लग्न होतं,
बुंदी खरी होती,
आणि मास्तर, तुम्ही वऱ्हाडी.

टेम्पो हलतो. माझे पाय अजून थोडे थोडे चालू.
डॉक्टरीणबाईंच्या वहीत लिहितो,
सकाळ, २१८.
पुढच्या रकान्यात, कारण :
लग्न.