राजेशम बिंगींचे दोन डोळे

डावा सहा वर्षांपूर्वीचा.
अक्कलकोट रोडच्या शिबिरात, सतरा नंबरच्या टेबलावर
हातानं काढलेला मोतीबिंदू.
सहा मिलिमीटरची चीर, टाका नाही,
भिंग आत, पट्टी वर,
संध्याकाळी केळं आणि बिस्किटाचा पुडा.
उजवा मागच्या महिन्यातला, मशीनचा.
चीर तीन मिलिमीटरही नाही.
आतल्या आत फोडून ओढून घेतला,
आणि घडी घालून सरकवलेलं भिंग
आत जाऊन उलगडलं.

मी डॉक्टर नाही. मी तक्ता दाखवते,
काचा बदलते, विचारते:
आता बरं, की मघाचं बरं?
दिवसातून दोनशे वेळा तरी.
मॅडमच्या प्रबंधासाठी दोन रकाने भरते,
हात, मशीन.
पहिल्या आठवड्यात मशीन पुढे असतं.
सहाव्या आठवड्यात चष्मा चढला
की दोन्ही रकाने सारखेच वाचायला लागतात:
सहा बाय नऊ, सहा बाय सहा, सहा बाय नऊ.
बिंगी दोन्ही रकान्यांत बसतात, म्हणून कुठल्याच नाही.
मॅडम म्हणाल्या, यांना वगळ.

पण ते उठेनात.
सदऱ्याच्या खिशातून टॉवेलचा तुकडा काढला,
खिडकीच्या उजेडात धरला,
तळव्यानं एकेक डोळा झाकत म्हणाले,
"डाव्यानं ताणा बरोबर दिसतोय की ओ,
बाणा जरा पिंजल्यागत.
उजव्यानं दोन्ही सरळ.
पण उजव्याचं पांढरं लई पांढरं,
निळीत बुचकळल्यागत.
डाव्याचं पांढरं, सुताचं."

चाळीस वर्षं जॅकार्डची कार्डं पाडलेला माणूस
मला तिरका नंबर समजावून सांगत होता.
मी डाव्यापुढे काच धरली, फिरवत नव्वदवर आणली.
आडवे धागे जागेवर बसले.
"बागुंदी अम्मा," म्हणाले,
आणि पांढऱ्याबद्दल मी काहीच करू शकले नाही.
पांढऱ्याला रकाना नाही.

बाहेर बाकावर भूदेवीबाई.
बिंदू पिकून तपकिरी खडा झालाय,
पानाची शीर बोटानं चाचपून विड्या वळतात,
हजारात आठ-दहाच परत येतात म्हणे.
"हिचं कशानं करणार?"
इतका टणक असेल तर मॅडम बहुतेक हातानंच करतात, मी म्हटलं.
वाटलं, विचारतील: मग स्वस्तातलं?
त्यांनी विचारलं, "सोमवारी नको.
सोमवारी कारखान्यात माल मोजून द्यायचा असतो."

मग जाता जाता थांबले.
दारालगतच्या खाटेवर कुणी झोपलेलं नव्हतं,
नुसती चादर होती, निळी, मोर असलेली,
धुऊन धुऊन विटलेली.
ते वाकले. चष्मा काढला. परत लावला.
मोराच्या डोळ्याच्या जागी एक धागा चुकलेला,
डोळा नव्हताच, नुसती निळी रेघ,
आणि पुढच्या मोरालाही तसंच,
त्याच्या पुढच्यालाही.

"हे माझं कार्ड," ते म्हणाले.
"तेव्हा डावा जायला लागला होता.
कोण बोललं नाही बघा मला."

मी विचारलं, आत्ता कुठल्या डोळ्यानं दिसलं?
सवयीनं विचारलं.
त्यांनी उत्तर दिलं नाही.
अंगठ्याचं नख त्या रेघेवर ठेवून
एक भोक कुठं पडायला हवं होतं
ते मोजत राहिले,
तेलुगूत, हळू,
आणि बाहेरून भूदेवीबाई विचारत होत्या,
झालं का ओ.