अर्जदारापुरतं

दापोली कोर्टाबाहेर, फणसाखाली
माझा टाइपरायटर.
'ळ' अर्धाच उठतो,
'फक्त' मात्र ठसठशीत येतो.

मार्गशीर्षात हर्णैच्या दवाखान्यात
एका आठवड्यात तीन पोरं झाली.
बाप तिघेही नेपाळी खलाशी,
आया जेटीवर कोळंबी सोलणाऱ्या.
नर्सबाईंनी वजनं लिहिली.
मग वरून कागद आला:
आईबाप परके, तर दाखला नाही.

खडक रोकाया तेवढा माझ्याकडे आला,
तळव्यांवर दोरांचे वळ.
बाकीचे दोघे बारा वाव पाण्यात,
तांडेलाला कोर्टाची तारीख कुठे कळते!
मुलीला हाक काय मारता, विचारलं.
"बयो."
तेवढा एक शब्द तो इथला बोलला.

सरकारी वकील म्हणाले,
इथे नाळ पडली म्हणून देश मिळत नाही,
रक्त बघावं लागतं.
मुकादम वकील म्हणाले,
देश राहू दे, ती जन्मली
एवढं तरी लिहा.
जज्जसाहेब वाईट नव्हते.
चष्मा पुसत म्हणाले,
दारात आलाय त्याच्यापुरतंच मला बोलता येतं.
एका दापोलीनं सगळा मुलूख थांबवला
तर उद्या कोणीही कोणालाही थांबवील.
मागच्या बाकावर मी मान डोलावली.
पटलंच होतं.

स्थगिती. फक्त अर्जदारापुरती.

संध्याकाळी आड्याला उतरलो
तर खाजणातला जुना बांध दिसला.
धोंडू मळेकरानं एका उधाणाआधी
आपल्या शेतापुरता घातलेला,
शेजारी कोणी हात लावायला आलं नाही म्हणून.
समुद्र समोरून आलाच नाही.
शेजारच्या मोकळ्या कोपऱ्यातून आला,
मागच्या बाजूनं, सावकाश,
आणि बांध होता म्हणून
परत जाईना.
तीन वर्षं भात नाही.
धोंडूचाही नाही.

अमावास्येला होड्या लागल्या.
एक जण वेरावळकडे गेला म्हणे,
बायकोपोरासकट.
दुसरा फणसाखाली येऊन उभा राहिला,
हातात माझ्यासाठी चार बांगडे, पानात गुंडाळलेले.
जुना अर्ज काढला. मजकूर तोच,
नावं तेवढी बदलायची.
मुलाचं नाव?
तो कागदाकडे बघत राहिला.
म्हणाला, दाखला आला की ठेवू.