थर्मास

बाळेश हुक्केरी निपाणीहून थर्मास आणतो,
टाकीवर ठेवून, दोन्ही गुडघ्यांत धरून.
आत कोमट मिठाचं पाणी, म्हशींची अंडाशयं.
"गरम हाय अजून, बगा," म्हणतो, चहाला जातो.

सुईनं एकेक फोड शोषते.
काचेखाली अंडपेशी, भोवती पेशींचा दाट गराडा.
म्हैस जन्मण्याआधीपासून ती अशीच
दुभंगता दुभंगता थांबलेली.
थांबवणाऱ्याही याच, भोवतीच्या.

वाढीचा घटक घालते. एका थेंबाचाही अंश.
निरोप तिच्या नावाचा, पण तिच्या हाती पडत नाही.
बाहेरच्या घेतात. काय वाचतात, काय आत सांगतात
आम्हाला अजून पुरतं उमगलेलं नाही.

कडोलीत कन्नड नोटीस आली की
आई शेजारच्या गंगव्वाकडे जायची.
गंगव्वा वाचायची. थोडा वेळ गप्प.
मग मराठीत सांगायची,
सांगण्यासारखं तेवढंच.
त्यावर आमचं घर हलायचं, नाहीतर बसून राहायचं.

साडेअडतीस अंश. चोवीस तास.
उद्या गराडा सुटेल, शेवरीच्या कापसासारखा,
आणि तिच्या कडेला एक बारीक गोळी:
तिनं स्वतःतून बाहेर ठेवलेलं अर्धं.
बाळेश दारातूनच विचारेल, "किती पास?"
मी मोजत असेन.