दोन ऱ

तोलशेडमधून मुंजाजी कऱ्हाळेंचा फोन.
मॅडम, मोबाइलवर उघडतंय,
काट्यापाशी नाही उघडत.
नाव महंच हाय, पासवर्ड बी त्योच. सांगू का?
नका सांगू, म्हणेपर्यंत सांगून झाला होता:
बैलाचं नाव, आणि तो विकला ते साल.

मार्चात वसमतला हळद उतरते.
कीबोर्डच्या फटींत पिवळी बुकणी,
स्पेसबार दाबला की धुरळा.
आधी वाटलं, तीच एखादं अक्षर गिळते.
दाढीच्या ब्रशने सगळी बटणं झाडली. शिंकले.
मग लॉग उघडला.

कऱ्हाळे. स्वीकारला.
कऱ्हाळे. नाकारला.

दोन ओळी एकीवर एक ठेवून पाहिल्या,
शिंपी दोन बाह्या जुळवतो तशा.
केसाचाही फरक नाही.
तेव्हा अक्षरांची सालं काढली, आतले आकडे मोजले.
मोबाइलचा ऱ तीन बाइटांचा, एकसंध.
काट्यापाशी सहा: आधी साधा र,
मग खाली नुक्ता,
कुणी मागाहून येऊन टेकवलेला.
डोळ्याला एकच. हॅशला दोन.
आणि हॅश म्हणजे अशी चक्की
की एक दाणा निराळा पडला
तर सगळं पीठच निराळं.

लायब्ररी सांभाळतो तो तार्मो, तिकडे तार्तूला.
त्याने विचारलं, हे अक्षर लागतं तरी कुठे?
मी लिहिलं: तऱ्हा. पायऱ्या. कोऱ्या पाट्या.
बिचाऱ्या. वाऱ्यावर. खऱ्याला. दुसऱ्याला.
थांबले. यादी संपेना.
तो म्हणाला, पापणीसारखं दिसतं.
आमच्या बाई त्याला मोडका र म्हणायच्या,
आणि फळ्यावर खडूही तिथेच मोडायचा.

पॅच आठ ओळींचा:
चक्कीत टाकण्याआधी सहाचे तीन करा.
चाचण्या हिरव्या. रात्रीचा दीड.
घरमालकांना वाटतं, मी वाचनालयात नोकरीला आहे
आणि पुस्तकं घरी आणते.

सकाळी कऱ्हाळे आत.
आणि बऱ्हाटे बाहेर, वऱ्हाडे बाहेर,
दोघे गोऱ्हे, काका-पुतणे, बाहेर.
ज्यांची नोंदच काट्यापाशी, सहा बाइटांनी झालेली,
ज्यांना आजवर काही त्रास नव्हता.
मोंढ्यात पोत्यांची रांग गेटपर्यंत,
आडत्या माझ्याकडे बघत नव्हता,
मुद्दाम.
मी माझाच पॅच मागे घेतला
आणि चहाच्या गाड्यावर उभी राहिले, चहा न घेता.

मग दुसरी रीत.
आधी सरळ केलेलं नाव विचारा,
नाही जुळलं तर जुनं, जसं आलं तसं,
आणि जुळताच नोंद गुपचूप नवी करा.
तार्मो म्हणाला, ठीक,
पण दोन्ही वाटांना वेळ सारखाच लागू दे.
दारावरचा माणूस किती वेळ थबकला
यावरूनही चोराला कळतं.
हे वाक्य मी पाठ केलं.
सगळं पुन्हा लिहिलं. पुन्हा. जुन्या आवृत्तीवर
एक चाचणी कधी पडे, कधी पडत नसे;
सापडलं ते असं, की मोकळी केलेली मेमरी
मी अजून वाचत होते.
पडली नाही तेव्हा जास्त भीती वाटायची.

एकोणीस दिवसांनी ते मुख्य शाखेत गेलं.
बदलांच्या यादीत एक ओळ:
एकाच अक्षराची दोन रूपं आता एक मानली जातात.
माझं नाव रोमन लिपीत, लहान अक्षरांत.

मुंजाजींना कळवलं.
ते म्हणाले, हाव का, बरं झालं.
पण तवापासून साहेबानं आमाला नंबरच दिलेत.
मी आता हळद शून्य सात.
पटकन होतंय, एका बोटानं.

बाजूला काटा टिंग करून स्थिरावला.
कोणीतरी ओरडलं, पुढचं पोतं.

मग म्हणाले, काल सांजंला शेडात कुणी नव्हतं
तवा एकदा महं नाव टाकून बघितलं.
उघडलं की ओ.
मंग? मी विचारलं.
मंग काय. बंद केलं.