चुंबक

सोहारच्या दुकानात विद्याधरने खिशातून काढला
आमच्या फ्रीजवरचा चुंबक, हापूसच्या आकाराचा,
लावला ग्रिलच्या चकचकीत झाकणाला.
घसरून पडला.
"हेच घ्यायचं. अस्सल स्टील."
किंमत तसूभर हलली नाही.
चुंबक परत फ्रीजवर, त्याखाली बिल:
चारशे वीस रियाल.
मी आकड्यावर काही बोलले नाही.

आता दर गुरुवारी रात्री, रिफायनरीतून आला की
नळीला साबणाचा फेस लावतो,
बुडबुडा फुगतोय का, श्वास रोखून बघतो.
मग टाचणीने बर्नरची भोकं मोकळी:
समुद्राचं मीठ, धूळ,
एकदा तर कोळ्याचं अख्खं घर.

आच निळी झाली की
मी मधोमध ठेवते
एकच वांगं, तेल चोपडून.
"जाळीवर गळू देऊ नकोस हं,"
फडकं घेऊन उभाच.

वांगं कुठलं ऐकतंय.