छापील यादीच्या खाली

छापील यादी अठ्ठावीसवर संपते.
त्याखाली निळ्या पेनानं तीन नावं,
बाबूनं उभ्या उभ्या लिहिलेली, उजवीकडे उतरत गेलेली:
दुधाटे मुंजाजी, शेख नाजमीन, आडे शेवंता.
मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन होऊनही
आठवडा उलटला होता.

कामून उशीर, असं विचारायचं नाही, ठरवलं होतं मी.
तरी मुंजाजीनं सांगितलंच:
जुन्या कॉलेजात टीसी अडकली होती, फी बाकी म्हणून.
नाजमीनचा नंबर दोन फेऱ्यांत लागला नाही.
शेवंता काही बोलली नाही.
दाराजवळच्या बाकावर बसली, पिशवी मांडीवर घेऊन,
किनवटची एसटी लागायची वाट बघावी तशी.

म्हणालो, मागचं सगळं एकदम भरून काढायला जाऊ नका.
विहीर उपसताना कुणी तळापासून सुरुवात करत नाही.
आधी आजचा तास, मग कालचा, मग परवाचा.
पहिली चाचणी बुडाली, बुडू द्या.
ओळखपत्राला खिडकी नंबर तीन, पण जेवणाच्या सुट्टीआधी;
सुट्टीनंतर तिथं तोच माणूस असतो,
स्वभाव दुसरा असतो.
डिपॉझिट भरलं नसेल तर माझ्या कार्डावर घ्या पुस्तक,
भिजवू नका म्हणजे झालं.

हे सगळं मी अधिकारानं बोलत होतो.
म्हणजे तासिकेच्या अधिकारानं.
माझाही आदेश गणपती उठल्यावर आला,
आणि वेळापत्रकातल्या माझ्या रकान्यात
अजून पेन्सिलच आहे.

सुटल्यावर अर्धा तास व्हरांड्यात नकाशे.
गोदावरीकडून वारा. कागद उडू नये म्हणून
चार कोपऱ्यांवर बेसॉल्टचे चार नमुने.
मुंजाजी म्हणाला, "सर, जो लाव्हा उशिरा आला
त्योच वर बसला न?"
नाजमीन हसली, पहिल्यांदाच.
मी म्हणालो, हो, पण झीजही आधी त्याचीच होते.
घरी जाताना वाटलं,
हे आज सांगायला नको होतं.

समोच्च रेषा कुणालाच धड कळेनात.
शेवंतानं मात्र नकाशावर बोट ठेवलं,
रेषा दाट होत्या तिथं.
"हा आमच्या तांड्याचा चढ असंल.
दोन घागरी घेऊन इथं दम लागतो."
एवढंच. पण त्या दिवशी बाकीचे
तिच्या बोटाकडे बघून नकाशा वाचत होते.

मैथिली बिडवईनं आपली वही दिली, न मागता.
"झेरॉक्स नको, लिहून काढ, डोक्यात राहतं."
शेवंतानं तीन रात्री जागून उतरवली,
तपासायला आणली माझ्याकडे.
पान चौदा. खारे वारे आणि मतलई वारे
यांच्या मधोमध, स्वच्छ अक्षरात, अधोरेखित:
मावशीला फोन करणे.
"हे काय?"
"तिच्यात होतं सर. मला वाटलं, असंल काहीतरी."
मैथिलीनं ओढणीत तोंड खुपसलं.
शेवंता आधी घाबरली, मग तिलाही आवरेना.
सोमवारी दोघी एका बाकावर होत्या,
दारापासून लांब.
फोन केलास का मावशीला, हे अजून विचारते ती तिला.

दिवाळीनंतर नवी यादी आली,
संगणकातून निघालेली, अकारविल्हे.
पहिलं नाव पुकारलं. कुणीच बोलेना.
पुन्हा पुकारलं.
शेवंता खाली मान घालून
शेवटच्या नावांची वाट बघत होती.
"आडे," मी म्हणालो, "पहिलीच आहेस तू."
ती उठून उभी राहिली,
हजर म्हणायचं राहूनच गेलं.

मी खूण केली.
इंगोले?