ब्याऐंशी मीटर

तापकीर गल्लीत मुथियान शेठ खोकं पुढे ढकलतात,
"हीच न्या मॅडम, निम्मा भाव, सगळे हीच नेतात."
मी खोकं उचलून बघते. हलकं लागतं.
टोकाची तार ब्लेडने खरवडते :
तांबूस सालीखाली पांढरं.
ॲल्युमिनियम.
शेठ पंख्याकडे बघतात.

ऑपरेशन थिएटर तिसऱ्या मजल्यावर,
विद्यार्थी तळघरातल्या हॉलमध्ये,
मधे ब्याऐंशी मीटर.
कागदावर शंभरही चालतात.
कागदाला लिफ्टची मोटर नसते,
एक्स-रेची खोली नसते,
डक्टमध्ये काटकोनात मोडलेलं वळण नसतं.

मागच्या वर्षी कुणीतरी स्वस्तातली ओढली होती.
सुभेदार बाई बुबुळाला टाका घालत होत्या
आणि खाली पडदा निळा झाला.
चाळीस पोरं वह्या उघडून
निळ्याकडे बघत बसली.
चित्र परतलं तेव्हा डोळ्यावर पट्टी होती.

म्हणून भरीव तांबं, कॅट सिक्स ए,
अंगावर जाळीचं कवच, कवचाला अर्थिंग,
आणि एकसंध, मधे जोड नाही.
"जोड दिला तर कुणाला कळणारे?" तौफिक म्हणतो.
जुना चाळीस मीटरचा तुकडा
त्याच्या खांद्यावर अजून तसाच आहे.

रविवार. थिएटर रिकामं.
मायक्रोस्कोपच्या कॅमेऱ्याखाली मी हात धरते.
तळघरातून त्याचा फोन :
"ताई, हलवू नका.
उजव्या अंगठ्याच्या नखात
तांब्याचा कीस अडकलाय."